शिकवलेलं वाक्य

३ जुलै १९९८, शुक्रवार

हॉलमधला पंखा आजही बंद. मंडळाचे अध्यक्ष हिम्मतराव म्हणाले, अर्ज दिला आहे. कलेक्टर म्हणून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, अजून पंख्यालासुद्धा अर्ज!

नामपल्लीच्या चर्चमागचा हा हॉल शुक्रवारीच मोकळा असतो, म्हणून आमच्या निर्वासित साहाय्य मंडळाचा इंग्रजीचा वर्ग शुक्रवारी. येणाऱ्या सगळ्या बायका सोमालियातल्या. शुक्रवार म्हणजे त्यांचा जुम्मा — न्हाणं, नमाज, घरात चार बरे पदार्थ. हे मला आज कळलं. वर्ग सुरू होऊन वर्ष होत आलं! कोणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. त्या बिचाऱ्या टोलीचौकीहून दोन बस बदलून येतात, ‘सॉरी मिस’ म्हणतात आणि मागच्या बाकावर बसतात.

आपण सगळे तिथे जातो तरी कशाला? वंदनाचं सोपं आहे. तिच्या मुलीला अमेरिकेतल्या कॉलेजात जायचंय आणि तिथे म्हणे समाजसेवेचा दाखला लागतो. मुलगी महिन्यातून एकदा येते, बायकांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेते आणि जाते. वंदना निदान लपवत नाही. ‘सुशीलाताई, नुसत्या मार्कांवर आजकाल कोण घेतं?’ हिम्मतरावांना बसायला खुर्ची हवी आणि समोर उभं राहायला माणसं हवीत.

आणि मी? वसंत गेले. अफझलगंजच्या लायब्ररीतली नोकरी संपली. विद्यानगरच्या घरात तीन खोल्या आणि मी एकटी. शुक्रवारी निदान कोणीतरी मला ‘मिस’ म्हणतं.

खरं कारण शाळेतल्या सिस्टर फिलोमिना. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं, कायमच.

१० जुलै, शुक्रवार

आज वर्गात होदान पुन्हा दख्खनीत, इथल्या हैदराबादी उर्दूत बोलली. मी तिला उभं केलं.

नियम माझाच आहे — वर्गात फक्त इंग्रजी, तेही पूर्ण वाक्यात. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलीच्या गळ्यात सिस्टर लाकडी पट्टी अडकवायच्या. पुढची मुलगी पकडली जाईपर्यंत ती काढायची नाही. पहिल्या वर्षी मी ती किती वेळा घातली! रडायचेही. पण सिस्टर फिलोमिना जवळ घेत, त्यांच्या बाहीला साबणाचा वास यायचा. ‘फुल सेंटेन्स, माय चाइल्ड.’ आज मी जे काही बोलते ते त्यांच्यामुळे. मी काही पट्टी घालत नाही, नुसतं उभं करते.

होदान तिशीची असेल. उंच, ताठ, चेहऱ्यावर हसू येता येता राहिलेलं. धाकटा भाऊ इथल्या युनिव्हर्सिटीत शिकत होता. तिकडे लढाई पेटल्यावर ती त्याच्याकडे आली. नवऱ्याचा पत्ता नाही. मुलगी इफ्रा नऊ वर्षांची, केनियातल्या छावणीत आजीजवळ राहते. आता भावाला कॅनडाने घेतलं, त्याला जाऊन वर्ष झालं. होदान मागे राहिली. टोलीचौकीच्या दुकानांतून सौदा आणून आणून तिची दख्खनी अशी काही झालीय की डोळे मिटले तर वाटावं याकूतपुऱ्यातली बाई बोलतेय. ‘नक्को’, ‘हौ’, सगळं! इंग्रजी मात्र अडखळत.

वर्गाबाहेर मला ‘एड्डो’ म्हणते. त्यांच्यात आत्याला म्हणतात. मला आत्या म्हणणारं दुसरं कोणी नाही.

१२ जुलै, रविवार

अमेरिकेहून लेकाचा, संदीपचा फोन, नेहमीसारखा सकाळी. यंदाही येणं जमत नाही. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडतील म्हणे, त्याचं काम डोक्यावर आहे. ते आटपलं की येतोच, म्हणाला. कायमचा? — विचारलं नाही. तसं ठरलेलंच आहे. जाताना बोललाय तो.

२४ जुलै, शुक्रवार

इफ्राला कॅनडात यायला किती वर्षं लागतील, हे होदानने आज तिसऱ्यांदा विचारलं. ‘एड्डो, कितने साल?’ वर्गात! मी म्हटलं, इंग्रजीत विचार. ती उभी राहिली, ओठ हलवले, आणि बसली.

आधी हिला कॅनडा मिळू दे. मग मुलगी येईलच की. एवढी घाई कसली?

१७ सप्टेंबर, गुरुवार

पोलीस अॅक्शनला पन्नास वर्षं. कोपऱ्यावर झेंडा लावला होता, लाउडस्पीकर सकाळपासून.

मी तेव्हा दहा वर्षांची. बाबा निजामाच्या महसूल खात्यात, त्यांना निघता येईना. रझाकारांच्या धास्तीने आई आम्हा भावंडांना घेऊन सोलापूरला आपल्या चुलतभावाकडे गेली. महिनाभर लाड झाले. मग मामीने मागच्या पडवीत आमची चूल वेगळी मांडून दिली. आई पालथ्या परातीवर पोळ्या लाटायची. मामी म्हणायची, ‘वन्सं, एक पोळपाट घ्या की विकत. किती दिवस परातीवर लाटणार?’ आई म्हणायची, ‘घरी आहे की माझा. जायचंच आहे परत.’ मामी शेजारणींना हे सांगून हसायची. मला आईची लाज वाटायची.

आमच्यासारख्या हैदराबादकरांना कपडे वाटायला सोलापूरच्या बायका येत. एक जाड चष्म्याची बाई माझ्या हनुवटीला हात लावून दरवेळी म्हणायची, ‘गोड आहे हो पोरगी!’ तिचा फार राग यायचा. तिने दिलेला फ्रॉक मी मुद्दाम चिखलात भिजवला होता.

आज आरशात पाहिलं. तसाच चष्मा.

१८ ऑक्टोबर, रविवार

होदानला दिवाळीचा प्रेशर कुकर दिला. तिच्या खोलीवर मी पहिल्यांदाच गेले. टोलीचौकीत मागच्या गल्लीत, दुसरा मजला. एक चटई, एक पातेलं, एक तवा, खुंटीला दोन कपडे. बस्! सहा वर्षं राहतेय! भाऊ दर महिन्याला पैसे पाठवतो, ती कपडेही शिवून देते, तरी ही दशा. म्हणून तर कुकर.

तिने दोन्ही हातांनी घेतला. वेलदोडे-दालचिनी घातलेला काळा चहा दिला. चहा ज्या भांड्यात केला, त्यातच मग भात टाकला. मी म्हटलं, आता कुकरमध्ये करत जा. हौ एड्डो, म्हणाली.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

हिम्मतरावांनी बातमी आणली. युनोच्या निर्वासितांच्या ऑफिसचे लोक दिल्लीहून नोव्हेंबरअखेर येणार. मुलाखती इथेच, गेस्ट हाऊसमध्ये. होदानचं नाव आहे! पास झाली तर कॅनडा. नाही तर आहे तिथेच, कागदाशिवाय, आज ना उद्या हाकलतील या भीतीत. आणि इफ्रा छावणीत.

हिम्मतरावांनी भाषण केलं. आपल्या मंडळाची पहिली मोठी केस, यश आलंच पाहिजे, वगैरे. तयारी माझ्याकडे.

मी करून घेईन. मला मुलाखत नवी नाही. संदीपची मीच घेतली होती.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सबंध वर्ग होदानवर घालवला. बाकीच्या बायका बघत बसल्या.

संदीपचं सगळं आठवत होतं. पहिल्यांदा मद्रासला व्हिसा नाकारला तेव्हा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. मग अमीरपेठेतला तो क्लास — या शहरात आता इडलीच्या गाड्यांपेक्षा व्हिसाचे क्लास जास्त झालेत. तिथे पढवलं ते असं : इस्त्रीचे कपडे, नजरेला नजर, हसरा चेहरा, रडगाणं गायचं नाही, काही मागायचं नाही, दुभाष्या घ्यायचा नाही. आणि सगळ्यांत मुख्य — ‘मी परत येणार’ हे ठासून सांगायचं. ते सांगितलं नाही तर शिक्का नाही. जेवणाच्या टेबलाशी रोज रात्री मी गोरा साहेब व्हायचे. ‘विल यू कम बॅक?’ ‘येस सर. माय मदर इज अलोन.’ दोघेही हसून हसून लोळायचो. दुसऱ्या खेपेला झटक्यात मिळाला.

होदानला तेच शिकवलं. हाउ आर यू? — व्हेरी वेल, थँक यू. दुभाष्या हवा? — नो थँक यू, आय स्पीक इंग्लिश. आणि शेवटी ते वाक्य : ‘आय विल गो बॅक टू माय कंट्री. माय चाइल्ड इज वेटिंग.’

बाकी सगळी वाक्यं अडखळली. हे एकच पहिल्या खेपेला बिनचूक. आवाज भरून आला, डोळ्यांत पाणी. काय अभिनय! मलाच खरं वाटलं. सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितलं. एकीनेही वाजवल्या नाहीत. मत्सर, दुसरं काय!

२२ नोव्हेंबर, रविवार

सुनेला, रुपालीला दिवस गेलेत. बाळ जूनमध्ये. ‘आई, तुम्ही याच,’ म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा इतका लांब फोन. आमच्या गल्लीत तीन घरांतल्या आया अशाच बोलावण्यावर गेल्यात. डिंकाचे लाडू बांधून न्यायचे, सहा महिने धुणी-बाळंत्यांत काढायचे, परत यायचं. आया आणि आया — शब्दसुद्धा वेगळा करावा लागत नाही.

पण गेले नाही तर कोण करणार तिचं? बाळाला कुशीत घेऊन मराठीत बोलेन. ते तरी कोणी बोलायला हवं.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

झाली मुलाखत!

सकाळी तिची ओढणी मी इस्त्री केली. गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात हिम्मतराव, वंदना, मी. आत गेली ताठ मानेने. अर्ध्या तासात बाहेर. दुसऱ्या बायका आत रडल्या, दुभाष्याचा हात धरून बसल्या असं तिथल्या शिपायाने सांगितलं. आमची होदान कोरड्या डोळ्यांनी आली आणि म्हणाली, ‘फुल सेंटेन्स, मिस. ऑल.’

तिला इराण्याकडे नेलं. चहा आणि उस्मानिया बिस्किटं. तिने बिस्किट बुडवलं, ते कपातच राहिलं. बाहेर बघत होती.

आज सिस्टर फिलोमिना असत्या तर!

२५ डिसेंबर, शुक्रवार

वर्ग नाही. हॉलमध्ये नाताळ.

प्लम केक आणला, एकटीनेच खाल्ला.

२२ जानेवारी १९९९, शुक्रवार

नाकारलं.

नामपल्लीत नुमाईशची, दरवर्षीच्या त्या प्रदर्शनाची तोबा गर्दी, रिक्षा मिळेना, हॉलवर पोचायला उशीर झाला. हिम्मतरावांनी दिल्लीला ओळखीच्या माणसाला फोन लावून कारण विचारलं होतं. तो म्हणाला, बाई हसतमुख, तक्रार काहीच नाही, आणि स्वतःच्या तोंडाने सांगते की देशात परत जाणार. परत जायला भीती नाही तर निर्वासित कसली?

परत जाणार म्हटल्याशिवाय अमेरिकेचं दार उघडत नाही. आणि इथे तेच म्हटलं की बंद! हे एवढं साधं मला कळू नये? विचारायलाही सुचू नये? साऱ्या शहराला एकच मुलाखत माहीत. मलाही तीच.

होदान माझ्याजवळ आली. ‘ठीक है, एड्डो,’ म्हणाली. वर्गात, दख्खनीत. मी तिला उभं केलं नाही. ती उभीच होती.

२६ जानेवारी, मंगळवार

कुठल्याशा संस्थेने हिम्मतरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. निर्वासितांच्या सेवेबद्दल. वंदनाने पुष्पगुच्छ दिला. मी गेले नाही.

२९ जानेवारी, शुक्रवार

भांडण झालं.

एकदा फेरविचाराची संधी असते. मी म्हटलं, दिल्लीच्या लोकांना मी सांगते — ते वाक्य तिचं नाही, माझं. मी पढवलं. दुभाष्याही मीच नको म्हणायला लावला.

हिम्मतराव खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, ‘सुशीलाबाई, तुम्ही शुद्ध भावनेच्या भरात बोलताय. मंडळ लोकांना पढवतं असं एकदा कागदावर आलं की पुढच्या प्रत्येक केसकडे संशयाने बघतील. एका बाईसाठी बाकीच्यांचं नुकसान करायचं का?’

कलेक्टरी युक्तिवाद. खोटा नाही, म्हणूनच जास्त चीड येते. मी म्हटलं, बाकीच्यांचं की तुमच्या शालीचं? — बोलायला नको होतं. वंदना मध्ये पडली. हळूच म्हणाली की तिच्या मुलीचा दाखला मार्चमध्ये मिळायचा आहे, तोवर जरा शांततेने घेऊ या का.

शांततेने!

घरी येऊन संदीपला मीच फोन लावला, आपण होऊन कधी लावत नाही. सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘आई, तू कशाला नसत्या भानगडीत पडतेस? या वयात तब्येत सांभाळ.’ मागे टीव्ही चालू होता. मग म्हणाला, तुझ्या व्हिसाचे कागद पाठवलेत, मद्रासला नीट बोल. परत येणार म्हणून सांग. हसून सांग.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्ग बुडवला. दिल्लीची अधिकारी बाई आली होती, गेस्ट हाऊसवर तिला गाठलं. तेलुगु मुलगी, संदीपच्याच वयाची असेल. तिला वाटलं मी कुठल्या शाळेची हेडमिस्ट्रेस.

सगळं सांगितलं. इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत.

ती लिहीत नव्हती, नुसती ऐकत होती. मग म्हणाली, ‘दुभाष्या समोरच बसला होता, मॅडम. त्यांच्याच गावाकडचा. नको म्हणाल्या तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला.’

मी म्हटलं, ती माझी आज्ञा होती.

‘आज्ञा,’ ती म्हणाली. नुसता शब्द परत म्हटला. मग म्हणाली, पुन्हा बोलावते. ‘या वेळी तुम्ही येऊ नका. व्हरांड्यातसुद्धा नाही.’

एवढ्याशा पोरीने मला बाहेर उभं केलं. बरं केलं.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

हिम्मतरावांनी मला वर्गातून मोकळं केलं. ‘तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.’ अर्ज न मागता! त्यांच्या आयुष्यातला पहिला तोंडी हुकूम असेल.

मी रडले नाही. घरी येऊन वसंतांचं कपाट आवरलं.

१० मार्च, बुधवार. मद्रास

व्हिसाच्या खिडकीतल्या गोऱ्या मुलाने विचारलं, परत येणार? मी म्हटलं, हो, घर आहे माझं तिथे, मुलगाही यायचा आहे. हसायचं विसरले. तरी दिला. खिडकीपासून वळताना रांगेतला एक मुलगा ‘ऑल द बेस्ट आंटी’ म्हणाला. सगळं शिकून आलेला असणार. तोही म्हणेल, परत येणार.

२७ मार्च, शनिवार

काल होदानची दुसरी मुलाखत. सांगितल्याप्रमाणे मी गेले नाही. दिवसभर घरात येरझारा.

संध्याकाळी ती आपण होऊन घरी आली. विद्यानगरला पहिल्यांदाच. मी इतक्या दिवसांत तिला घरी बोलावलं नव्हतं, हे ती दारात उभी राहिल्यावर लक्षात आलं.

चहा टाकला. मी इंग्रजीत विचारलं, काय झालं. ती म्हणाली, ‘एड्डो, आज मैं मेरी तरह बोलतूं.’ आणि बोलली. दीड वर्षात पहिल्यांदा तिचं बोलणं ऐकलं. काय सुरेख बोलते ती!

दुभाष्याबरोबर दोन तास बसवलं होतं तिला. सगळं विचारलं — नवरा, घर कसं जळलं, समुद्राच्या बाजूने कशी निघाली. यातलं मला काही माहीत नव्हतं. मी क्रियापदं तपासत होते. शेवटी अधिकारी बाई म्हणाली, तुमचं होईल, मी शिफारस करते.

झालं! मी तिचा हात धरला. तिने सोडवला नाही, पण धरलाही नाही.

मग तिने पुढचं सांगितलं : तिथे तिने तिचा प्रश्न विचारला. कितने साल? तिथे कोणी उभं केलं नाही, उत्तर दिलं. मुलीचे कागद नाहीत, ती तुझीच हे सिद्ध करावं लागेल, वर्षं लागतील, वचन देता येत नाही. होदान म्हणाली, मग मला कॅनडा नको. इफ्राच्या छावणीत पाठवा. तिथून लढाई थांबली की आपल्या गावी. ती बाई समजावत राहिली, हिने मान हलवली नाही. शेवटी प्रवासाच्या कागदांचं बघते म्हणाली. तिकिटाला भाऊही हो म्हणालाय, रागावून.

मी म्हटलं, अगं माझ्या त्या वाक्यामुळे तर सगळं... मला रडू आवरेना. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली :

‘आप कायकू रोते, एड्डो? पैले बी मैं सच्चीच बोली थी. आप समझे, आपका सबक बोली.’

मी विचारलं, मग कॅनडा कॅनडा कशाला? तर भाऊ म्हणाला, एड्डो म्हणाल्या, हिम्मतराव साहेब म्हणाले. सगळे बोलले म्हणून मीही हौ बोलले. आणि दर शुक्रवारी दोन बस बदलून येत होतीस ती कशासाठी, तुला तर इंग्रजीही नको होतं? खाली बघून हसली. ‘आपके घर में कोई नै बोलके.’ माझ्या घरी कोणी नाही म्हणून!

म्हणजे मी केलेली चूकसुद्धा माझी नव्हती.

चहा गार झाला.

२ एप्रिल, शुक्रवार

वंदनाच्या मुलीला प्रवेश मिळाला. वंदनाचे शुक्रवार संपले. पेढे घेऊन आली होती. वर्ग बंद पडला, हे तिच्याकडूनच कळलं. पंखा दुरुस्त झालाय म्हणे.

९ एप्रिल, शुक्रवार

होदान गेली. मुंबईवरून विमान, इथून ट्रेनने. नामपल्ली स्टेशनवर मी एकटीच. मंडळाचं कोणी नाही. अपयशाचा फोटो कोण काढतं?

एक पिशवी, बस्. आणि हातात खोकं. मला वाटलं, इफ्रासाठी काही घेतलंय. ते तिने माझ्या हातात दिलं — कुकर. दिवाळीचा. दुकानाची चिकटपट्टीसुद्धा फाडलेली नाही. ‘माफ करना एड्डो. मेरा घर उधर है ना.’

मला आधी रागच आला. इतकी कदर नाही? ट्रेन हलली. ती खिडकीत ताठ बसली होती. तोंडावर ते हसू, या वेळी पूर्ण.

खोकं छातीशी धरून प्लॅटफॉर्मवर उभी राहिले आणि एकदम परातीचा आवाज आला कानात. पालथ्या परातीवर लाटणं फिरवण्याचा. सहा वर्षं एक पातेलं, एक तवा — आणि मी गरिबी समजले!

आईने सोलापुरात पोळपाट घेतला नव्हता. मी तिच्याच पोटची. मला कळू नये?

११ एप्रिल, रविवार

संदीपचा फोन. तिकडे घर घेतलंय त्यांनी, बाळ यायच्या आत राहायला जायचं. रुपाली म्हणाली, येताना एक चांगला पोळपाट घेऊन या, दगडी, जड असला तरी चालेल, कायमचा होईल.

आणीन म्हटलं.